परदेशी पार्टीचे काम

परदेशातल्या फ्रीलान्सरला काम द्यावे की नाही, हा प्रश्न अमेरिका, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात वीस-पंचवीस वर्षे चघळला जातो आहे. तिथला दोन-चार माणसांचा धंदा चालवणारा मालक विचारतो, हिशेब लिहायला, वेबसाइट सांभाळायला, गिऱ्हाइकांच्या ईमेलना उत्तरे द्यायला आपल्या गावचा माणूस परवडत नाही, मग बाहेरचा घ्यावा का? त्या चर्चेत बाहेरचा माणूस म्हणजे तासाचा दर आणि घड्याळातला फरक, याहून फार काही नसतो. ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात बसून हाच प्रश्न वाचला की चित्र उलटे होते, कारण तो बाहेरचा माणूस इथेच राहतो. डोंबिवलीच्या टिळकनगरात, कल्याणच्या रामबागेत, घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर तो असतो, आणि पुष्कळदा ती असते. त्यात आता इथला छोटा मालकही बाहेर काम देऊ लागला आहे. पॅकेजिंगचे डिझाइन पूर्व युरोपातून, गिऱ्हाइकांशी चॅट करणारा माणूस फिलिपिन्समधून, असे प्रकार वागळे इस्टेटच्या गाळ्यांतही रुळत आहेत.

दोन्ही टोके एकाच लोकल मार्गावर असल्याने या प्रश्नाचा आढावा इथून घेणे सोयीचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. या व्यवहारात दराची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते. काम बिघडले, पैसे अडकले किंवा माहिती फुटली तर नुकसान कुणाच्या अंगावर पडते, हे मात्र कुणी आधी ठरवत नाही. म्हणजे ते आपोआप ठरते, आणि आपोआप ठरते तेव्हा ज्याची ताकद कमी त्याच्याच अंगावर पडते.

काम बाहेर देणे या पट्ट्याला नवे नाही. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली, तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींत ठाण्याची वागळे इस्टेट होती. पाठोपाठ १९६४ मध्ये डोंबिवलीची वसाहत आली. या वसाहती जॉबवर्कवर उभ्या राहिल्या. मोठ्या कारखान्याने सुटा भाग टर्निंगवाल्याकडे द्यायचा, तिथून तो प्लेटिंगवाल्याकडे जायचा, मग पावडर कोटिंगला. माल चलनावर गेला, चलनावर परत आला. रेट तोंडी ठरायचा. माल रिजेक्ट झाला की भांडण ठरलेले, पण ते भांडण गाळ्यात उभे राहून, तुकडा हातात धरून व्हायचे. पैसे साठ दिवसांनी, कधी नव्वद दिवसांनी, कधी दिवाळीच्या तोंडावर. व्यवस्था काही फार न्याय्य नव्हती. पण पार्टी कुठे बसते, तिचा मेहुणा कोण, तिचे खाते कोणत्या सहकारी बँकेत आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचे, आणि एवढ्या माहितीवर अर्धे वाद कोर्टाशिवाय मिटायचे.

पुढे कायद्यानेही हात दिला. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे वेळेत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळणार नाही, अशी आयकराची तरतूद एप्रिल २०२४ मध्ये अमलात आली. त्यानंतर कितीतरी मालकांनी पहिल्यांदा बिलांच्या तारखा वहीत लाल शाईने लिहिल्या असतील. पण ही सगळी व्यवस्था देशातल्या खरेदीदारापुरती. ओहायोतल्या मालकाने डोंबिवलीच्या मुलीचे चारशे डॉलर बुडवले, तर या ४५ दिवसांचा तिला उपयोग नाही.

संगणकावरचे परदेशी काम इथे कसे आले, तो इतिहास लहान आहे पण मजेशीर आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत मेडिकल ट्रान्सक्रिप्शनची लाट आली. अमेरिकेतला डॉक्टर दिवसभर टेपवर बोलायचा, ते बोलणे रात्रीतून इथे टंकले जायचे आणि सकाळी त्याच्या टेबलावर मजकूर हजर. ठाण्या-डोंबिवलीत त्याचे क्लास निघाले. इंग्रजी शॉर्टहँड-टायपिंगच्या संस्थांची इथे जुनी परंपरा होती, कारण हा पट्टा नोकरदारांचा. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटच्या कचेऱ्यांना इथूनच कारकून आणि स्टेनो मिळत. त्यामुळे टायपिंगकडून ट्रान्सक्रिप्शनकडे जाणे इथल्या घरांना परके वाटले नाही. पण हृदयविकार आणि हाडांच्या शस्त्रक्रियांचे शब्द अमेरिकन उच्चारातून ओळखणे सोपे नव्हते. फी भरणारे भरपूर आणि टिकणारे मोजके, अशी त्या क्लासांची गत झाली.

याच धंद्यातली एक घटना भारतातली नाही, पण या विषयावर बोलताना ती टाळता येत नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला कराचीहून एक ईमेल आला. लिहिणारी ट्रान्सक्रिप्शन करणारी होती. तिचे म्हणणे असे की माझे पैसे थकले आहेत, ते मिळाले नाहीत तर रुग्णांच्या नोंदी इंटरनेटवर टाकीन. नमुना म्हणून तिने खऱ्या नोंदी जोडल्या होत्या. रुग्णालयाला ती कोण हेच माहीत नव्हते. त्यांनी काम दिले होते शेजारच्याच गावातल्या एका कंपनीला. त्या कंपनीने ते फ्लोरिडात दिले, फ्लोरिडाहून ते टेक्ससला गेले आणि टेक्ससच्या माणसाने कराचीला पाठवले. पैसे अडले टेक्ससमध्ये, आणि धमकी गेली साखळीच्या सगळ्यात वरच्या कडीला, कारण कराचीच्या त्या बाईच्या हातात दुसरे काहीच नव्हते. काही रक्कम मिळाल्यावर तिने धमकी मागे घेतली. अमेरिकेत तेव्हा चर्चा झाली ती परदेशात माहिती पाठवण्याच्या धोक्याची. मला त्यातला जास्त मोठा धोका अमेरिकेच्या आतल्या तीन कड्यांचा वाटतो, कारण मूळ गिऱ्हाइकाने प्रत्यक्ष काम करणाऱ्याला एकदाही पाहिले नव्हते.

या मधल्या कड्या काढून टाकण्याचे आश्वासन घेऊन ऑनलाइन बाजार आले. इलान्स ही अमेरिकेतली कंपनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस निघाली; तिच्या संस्थापकांपैकी बिरुद शेठ हे पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी. ओडेस्क २००३ च्या सुमाराला दोन ग्रीक मित्रांनी काढली. २०१३ च्या डिसेंबरात या दोन कंपन्यांनी एकत्र येण्याचे जाहीर केले, आणि २०१५ मध्ये त्यांचे नाव अपवर्क झाले. फ्रीलान्सर डॉट कॉम सिडनीची, फाइव्हर इस्रायलची. मधल्या काळात, २००७ साली, टिमोथी फेरिस या अमेरिकन लेखकाचे आठवड्यात चार तास काम करण्याचे पुस्तक आले आणि भारतातल्या दूरस्थ सहायकाकडे आपली कंटाळवाणी कामे सोपवणे ही तिकडच्या छोट्या मालकांत फॅशनच झाली. ऑक्सफर्डच्या इंटरनेट इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये या बाजारांची मोजदाद केली तेव्हा जगातल्या ऑनलाइन फ्रीलान्सरांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतातले निघाले. त्याखालोखाल बांगलादेश होता.

आज या पट्ट्यातून होणाऱ्या कामाची यादी लांब आहे. ऑस्ट्रेलियन दुकानांचे हिशेब, अमेरिकन वास्तुविशारदांची कॅड ड्रॉइंग, ऑनलाइन दुकानांतल्या मालाचे फोटो आणि वर्णने, वर्डप्रेस आणि शॉपिफायची दुरुस्ती, पुस्तकांची मांडणी, सबटायटल. पण यादीपेक्षा घड्याळ जास्त बोलके आहे. मेलबर्नचे ऑफिस त्यांच्या उन्हाळ्यात सकाळी नऊला उघडते तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. तिकडचे हिशेब लिहिणारी बाई पाचला उठून बसते आणि मुलगा शाळेतून येईपर्यंत मोकळी होते. लंडनचे काम दुपारनंतरचे, तब्येतीला त्यातल्या त्यात सोपे. न्यूयॉर्कचे साडेनऊ म्हणजे इथले उन्हाळ्यात संध्याकाळचे सात, हिवाळ्यात आठ. कॅलिफोर्नियाशी बोलायचे तर रात्रीचे साडेनऊ-साडेदहा. आपल्याकडे घड्याळ कधी हलत नाही, अमेरिकेत मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये हलते. वर्षातून दोनदा कुणाची तरी मीटिंग हुकते आणि दोष बहुधा इकडच्या माणसाला लागतो.

मुंबईला जाऊन येण्यात रोज तीन-चार तास घालवणाऱ्या या पट्ट्याला घरी बसून काम करण्याचे आकर्षण का वाटावे, हे डोंबिवली स्थानकावर सकाळी आठला उभे राहिलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा ज्यांनी पर्याय म्हणून हे काम धरले, त्यांतल्या पुष्कळांनी लोकल सुरू झाल्यावरही ते सोडले नाही. विशेषतः बाळंतपणानंतर नोकरी सोडलेल्या, बीकॉम-एमकॉम झालेल्या बायकांना हा मार्ग नोकरीपेक्षा अधिक मानाचा वाटला. त्याची किंमत घर मोजते. एक खोली बंद ठेवावी लागते, इन्व्हर्टर लागतो, महावितरणचा देखभालीचा दिवस लक्षात ठेवावा लागतो, दुसरे इंटरनेट कनेक्शन घ्यावे लागते. हे सगळे भांडवल आहे, पण ते कुणाच्याही कोटेशनमध्ये दिसत नाही.

आता हिशेब. समजा, अमेरिकेतल्या मालकाने महिन्याला पाचशे डॉलर द्यायचे ठरवले. अपवर्कने २०२३ मध्ये कमिशन सरसकट दहा टक्के केले (२०२५ मध्ये ते कामागणिक बदलते केले). फाइव्हर विकणाऱ्याकडून वीस टक्के घेते. दहा टक्के धरले तर उरले साडेचारशे. पैसे काढण्याचे शुल्क, रूपांतराच्या दरातली तफावत, मग बँक. जे हातात येते त्यातून आजारपणाची रजा, भविष्यनिर्वाह निधी, दिवाळीचा बोनस असे काही नाही. काम सुटले तर नोटिशीचा महिनाही नाही. रुपया घसरला की इकडे बरे वाटते; डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर नव्वदीपार गेला तेव्हा डोंबिवलीत कुणीतरी नक्कीच हसले असेल. पण गिऱ्हाइकही वर्तमानपत्र वाचते, आणि पुढच्या करारात दर तेवढा उतरवून मागते.

मालकाच्या बाजूनेही पाचशे डॉलर हा खरा खर्च नसतो. काम समजावून सांगायला लागणारे तास, तपासायला लागणारे तास, चुकल्यावर पुन्हा करून घ्यायला लागणारे तास हे त्याचे स्वतःचे, म्हणजे धंद्यातले सगळ्यात महागडे तास. मोठ्या कंपनीत यासाठी वेगळा माणूस असतो. तीन माणसांच्या धंद्यात तो मालकच असतो. ज्याला स्वतःचे काम कागदावर पायरी-पायरीने लिहिता येत नाही, त्याने ते समुद्रापार पाठवले तर परत येणारी गोष्ट त्याला नकोच असते. मग तो म्हणतो, माणूस कुचकामी निघाला. शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाला अर्धवट सांगितलेले काम जमते, कारण तो मान वळवून विचारतो. साडेनऊ तास लांबच्या माणसाने एक शंका विचारली की एक दिवस गेला. म्हणूनच या व्यवहारात बहुतेक वेळा टिकतात ती मोजता येणारी, एकसारखी, तपासायला सोपी कामे, जसे हिशेबाच्या नोंदी, ड्रॉइंग, फोटोंची सफाई. गिऱ्हाइकाशी बोलणे, दर ठरवणे, माल निवडणे अशी कामे बाहेर पाठवून बहुतेक छोटे मालक पस्तावतात. माझ्या मते ती पाठवण्याजोगी नसतातच, दर कितीही स्वस्त असो.

विश्वासाची गोष्ट निघाली की ठाण्याला मीरा रोड आठवावे लागते. ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी तिथल्या बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले आणि शेकडो तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. अमेरिकेच्या करखात्यातून बोलतो आहोत असे सांगून तिकडच्या लोकांना धमकावायचे आणि पैसे उकळायचे, असा तो धंदा होता. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने ६१ व्यक्ती आणि संस्थांवर आरोपपत्र ठेवल्याचे जाहीर केले. मुख्य आरोपी सागर ठक्कर ऊर्फ शॅगी एप्रिल २०१७ मध्ये दुबईहून परतताना पकडला गेला. यातले बरेचसे कर्मचारी बारावी-पदवीपर्यंत शिकलेले, इंग्रजी बोलता येणारे, नोकरीच्या शोधातले होते. या प्रकरणाने प्रामाणिक फ्रीलान्सरचे जे नुकसान केले ते मोजता येण्यासारखे नाही. ठाणे जिल्ह्याचा पत्ता पाहून नकार मिळाला, असे कुणी लेखी देत नाही. पण व्हिडिओ कॉलवर ओळखपत्र दाखवायला लागणे, बँकेचा पासवर्ड कधीही हातात न देणे, हिशेब पाहता येईल पण पैसे हलवता येणार नाहीत अशीच परवानगी देणे, या गोष्टी आता सर्रास झाल्या आहेत. मला त्यात अपमान दिसत नाही. शहाण्या गिऱ्हाइकाने हे करावेच, आणि शहाण्या फ्रीलान्सरने ते स्वतःहून मागावे, म्हणजे उद्या काही हरवले तर बोट आपल्याकडे वळणार नाही.

फसवणूक उलट दिशेनेही होते आणि ती जास्त चिवट आहे. परदेशी प्रोजेक्टचे डेटा एंट्रीचे काम, घरबसल्या कमवा, अशी जाहिरात. करारावर सही घ्यायची, काही हजार फॉर्म पाठवायचे, अचूकतेची टक्केवारी अशी ठेवायची की कुणालाच गाठता येऊ नये. मुदत संपली की काम निकृष्ट म्हणून पैसे नाहीत, उलट करार मोडल्याबद्दल वकिलाच्या नावाने नोटीस आणि काही हजारांची मागणी. गृहिणी आणि कॉलेजची मुले कोर्टाच्या नावाने घाबरतात आणि भरून टाकतात. यात परदेश कुठेच नसतो, फक्त परदेशाचे नाव असते. कामासाठी आधी पैसे किंवा स्टँपपेपर मागणारी पार्टी खरी नसते, एवढे पक्के डोक्यात ठेवले तरी बरेच लोक वाचतील.

कायद्याकडे वळू. परदेशी गिऱ्हाइकाचे काम करणारा इथला फ्रीलान्सर जीएसटीच्या भाषेत सेवेचा निर्यातदार असतो. गिऱ्हाईक बाहेरचे, सेवेचे ठिकाण बाहेरचे आणि पैसे परकीय चलनात, अशा अटी पुऱ्या झाल्या की निर्यातीवर कर शून्य. नोंदणी असेल तर दरवर्षी हमीपत्र, म्हणजे एलयूटी, भरून ठेवायचे. उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीची गरजच नाही. पण परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला जपून ठेवायला हवा, कारण निर्यात सिद्ध करायला दुसरा कागद नसतो. पैसे येण्याचा रस्ताही सरळ नव्हता. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये ऑनलाइन मार्गाने येणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला पाचशे डॉलरची मर्यादा घातली होती. ती पुढे टप्प्याटप्प्याने दहा हजारांवर गेली. ऑक्टोबर २०२३ च्या नव्या चौकटीत ती पंचवीस लाख रुपये झाली आणि परवानाधारक मध्यस्थ आले. जुन्या लोकांना पाचशेच्या तुकड्यांत मोडलेली बिले अजून आठवतात.

इथला मालक बाहेर काम देतो तेव्हा मात्र गुंता जास्त. परदेशातल्या डिझायनरकडून धंद्यासाठी सेवा घेतली की जीएसटी मालकानेच, उलट आकारणीने, भरायचा. नोंदणी असलेल्याला त्याची वजावट मिळते, पण नोंदणी नसलेल्यावर या एका कारणाने नोंदणी सक्तीची होते, मग उलाढाल कितीही लहान असो. आयकराचे वेगळे. अनिवासी माणसाला करपात्र रक्कम देताना कर कापायचा, त्या देशाशी असलेला दुहेरी कर टाळण्याचा करार पाहायचा, रक्कम पाठवण्याचा अर्ज (जुन्या कायद्यात १५सीए) भरायचा, वर्षात पाच लाखांवर रक्कम गेली तर प्रसंगी सीएचे प्रमाणपत्र घ्यायचे. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने कलमांचे आकडे बदलले, तत्त्व तेच राहिले. पंधरा हजारांच्या लोगोसाठी इतके कोण करणार? बहुतेक लोक कार्डाने पैसे भरतात आणि विसरतात. हे बेकायदा टाळणे आहे आणि ते तसेच म्हणावे. पण नियम करणाऱ्यांनी गाळेवाल्याचा विचार केला नाही, हेही तितकेच खरे. मोठ्या कंपन्यांसाठी विणलेले जाळे छोट्यांवर टाकले तर ते एकतर अडकतात किंवा खालून निसटतात.

स्वामित्व हक्काचा मुद्दा दोन्ही बाजूंनी सर्रास दुर्लक्षिला जातो, म्हणून त्यावर जरा थांबतो. आपल्या १९५७ च्या कायद्यात नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळे काही ठरले नसेल तर, मालकच. फ्रीलान्सर नोकर नसतो. त्याने केलेले डिझाइन, लिहिलेला कोड, घडवलेली मांडणी पैसे मिळाल्यावरही सर्वसाधारणपणे त्याचीच राहते, जोपर्यंत तो लेखी सही करून हक्क सोपवत नाही. सोपवताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर हक्क फक्त भारतापुरता. म्हणजे ठाण्यातल्या मालकाने बदलापूरच्या मुलाकडून लोगो करून घेतला, नुसते बिल घेतले आणि पुढे दुबईला माल पाठवायला लागला, तर तिथे तो लोगो त्याचा आहे का हा वाद निघू शकतो. अमेरिकन मालक आपल्या देशाचा छापील करार पाठवतो आणि सगळे हक्क आपोआप आपले झाले असे समजतो. भारतात भांडण निघाले तर त्या समजुतीला किती आधार, हे त्यालाही माहीत नसते. काम कुठेही होवो, हक्क सोपवल्याचे चार ओळींचे पत्र पैशांबरोबरच घ्यावे.

वाद झाला तर जायचे कुठे? करारात बहुधा डेलावेअर किंवा कॅलिफोर्नियाचे न्यायालय लिहिलेले असते. चारशे डॉलरसाठी तिथे कोण जातो? म्हणून खरी सुरक्षा बाजाराच्या वेबसाइटवरच्या अनामत खात्याची. मालकाने पैसे आधी तिथे ठेवायचे, काम पसंत पडले की सुटतात. कमिशन वाचवायला दोघेही मग थेट बोलू लागतात, आणि पहिले बिल बुडते ते बहुधा त्यानंतर. दहा टक्के हा विम्याचा हप्ता होता, हे तेव्हा कळते. दोन-तीन वर्षांची ओळख झाल्यावर थेट व्यवहार करणे वेगळे. पण त्या वेबसाइटची मुदतीची बंधने न पाहता पहिल्याच महिन्यात बाहेर पडणाऱ्याला खाते बंद होण्याचाही धोका असतो.

तिकडचे वारेही बदलले आहेत. अमेरिकेत २०१७ च्या करकायद्याने, २०२२ पासून, परदेशात केलेल्या सॉफ्टवेअर विकासाचा खर्च पंधरा वर्षांत विभागून दाखवायला लावला. जुलै २०२५ च्या कायद्याने देशात झालेल्या कामाला सूट परत दिली, परदेशातल्या कामाची पंधरा वर्षे तशीच ठेवली. छोट्या अमेरिकन मालकासाठी हा मोठा फरक आहे : यंदा दिलेला सगळा पैसा यंदाच वजा होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेटर बर्नी मोरेनो यांनी परदेशी कामाच्या बिलांवर पंचवीस टक्के कर लावण्याचे विधेयक मांडले. त्याचे काय व्हायचे ते होईल, पण तो विचार आता उघड बोलला जातो आहे.

आणि मग यंत्र. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. त्यानंतरच्या आठ महिन्यांत एका मोठ्या ऑनलाइन बाजारावरच्या जाहिरातींचा अभ्यास झाला, त्यात लेखन आणि कोडिंगसारख्या, यंत्राने सहज होऊ शकणाऱ्या कामांची मागणी हाताने करायच्या कामांच्या तुलनेत सुमारे २१ टक्क्यांनी घटलेली दिसली. मालाची वर्णने लिहिणाऱ्या, ट्रान्सक्रिप्शन करणाऱ्या बायकांना यासाठी अभ्यासाची गरज नाही. त्यांचा इनबॉक्स त्यांना सांगतो. हिशेबाचे काम तुलनेने टिकून आहे, कारण तिथे नोंद बरोबर आहे असे म्हणून जबाबदारी घेणारा माणूस लागतो. ज्या कामात सही लागते ते उशिरा जाईल आणि ज्या कामात फक्त टंकन लागते ते आधी जाईल, असे मला वाटते.

या सगळ्यात इथे एक जुनी रचना नव्याने उगवली आहे, आणि तिच्याकडे कुणाचे फारसे लक्ष नाही. एकीचे प्रोफाइल चांगले चालते. तिच्या नावावर शेकडो पंचतारांकित अभिप्राय आहेत. काम हाताबाहेर जाते तेव्हा ती सोसायटीतल्या तिघींना देते, त्यातली एक आपल्या अंबरनाथच्या बहिणीला देते. घरगुती पातळीवर ही चांगली गोष्ट आहे, पाच घरांत पैसा जातो. पण बहुतेक गिऱ्हाइकांना ते माहीत नसते, करारात बहुधा त्याला मनाई असते, आणि गिऱ्हाइकांची नावे-पत्ते-बिले पाच फोनवर फिरत असतात. युरोपचा माहिती संरक्षणाचा कायदा मे २०१८ पासून लागू आहे, आपला २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. यांतला कुठलाही कायदा अंबरनाथच्या त्या फोनपर्यंत पोचलेला नाही. काही जण तर चालते प्रोफाइल भाड्याने देतात. मुलाखतीला एक बसतो, काम दुसरा करतो.

यावर उपाय जॉबवर्कवाल्यांना ठाऊक होता. पुढे काम दिले तर चलनावर लिहून दिले जायचे, आणि माल कुणाच्या गाळ्यात आहे हे मूळ पार्टीला विचारता यायचे. त्या पाच जणींनी छोटी भागीदारी किंवा एलएलपी काढली, उद्यम नोंदणी केली आणि आम्ही पाच जणी आहोत, हे काम कोण करते ते असे, असे गिऱ्हाइकाला सांगितले, तर काही गिऱ्हाइके जातील. राहतील त्यांच्याकडून तासाला दोन डॉलर जास्त मागता येतील, आणि आपापसात पैसे कुणी किती दिवसांत द्यायचे तेही भागीदारीच्या करारात लिहून ठेवता येईल. ठाण्यातले काही सीए आता हाच सल्ला देऊ लागले आहेत. फी मात्र ते आधी घेतात.